आग्नेय कोपरा

३ फेब्रुवारी, सोमवार

लागली! नोकरी लागली! सहाच महिन्यांची आहे, पण खुर्ची गोल फिरणारी आहे आणि तिच्यावर मी आज अकरा वेळा फिरले. बाराव्या वेळी मोठ्या मॅडमनी पाहिलं, म्हणून थांबले.

काम असं : खारफुटी मोजायची. खाडीकाठच्या चिखलात, जिथे भरतीचं पाणी येऊन-जाऊन असतं, तिथे जी झाडी उभी असते ती पस्तीस वर्षांपूर्वी किती होती आणि आज किती उरलीय, याचा नकाशा करायचा. जुना नकाशा एका हाताला, उपग्रहाचा फोटो दुसऱ्या हाताला, आणि मध्ये मी! परवापर्यंत घरपोच खाणं पोचवणाऱ्या कंपनीसाठी गल्ल्याबोळ काढत होते. गल्लीतून थेट जंगलात! आनंद गगनात मावेना म्हणतात तो हाच.

घरी सांगितलं तर नवऱ्यानं मला उचललंच, आणि माझं डोकं दिव्याच्या शेडवर आपटलं. (तो कवळ्या बनवतो. दात सोडून बाकी कुठल्याही गोष्टीचं माप त्याला कळत नाही.) बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याच खात्यात ट्रेसर होते. काचेच्या टेबलावर वाकून, शाईनं नकाशे उतरवण्यात त्यांचा जन्म गेला. मला वाटलं, ते तर नाचतील. ते म्हणाले, "छान झालं." मग जरा थांबून, "सूची कुठे ठेवणार आहेस?"

सूची म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली ती चौकट, कुठली खूण कशाची ते सांगणारी. अहो, नकाशा अजून जन्माला यायचाय! बाजारात तुरी, तशातली गत. पण जुन्या माणसांना शिस्तीचं फार असतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संगणकाला खारफुटी ओळखायला शिकवतेय. फोटोतली चार ठिकाणं दाखवायची, ही बघ खारफुटी, आता अशीच बाकीची तू शोध. आज संध्याकाळी त्यानं अभिमानानं निकाल दिला. त्याच्या मते खारफुटी इथे आहे : खाडीकाठी (शाबास), फुटबॉलच्या मैदानावर, इस्पितळाच्या हिरव्या ताडपत्रीवर आणि मोठ्या मॅडमच्या बंगल्याच्या गच्चीवर.

मी मॅडमना म्हटलं, "तुमच्या गच्चीत भरती येते का हो?" त्या हसल्या नाहीत. मग दोन मिनिटांनी आपल्या खोलीत जाऊन मोठमोठ्यानं हसल्या, मला ऐकू आलं.

बाबांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, नकाशाकडे बघितलंच नाही, सरळ खालचा उजवा कोपरा बघितला. "सूची डावीकडे घे." म्हटलं, बाबा, ती कुठेही सरकवता येते, बोटानं, ही बघा. मी ती सरकवून दाखवली. सूची नकाशाभर फिरताना ते बघत बसले. "सरकते होय," म्हणाले. असे म्हणाले की मलाच वाईट वाटलं. नव्या यंत्रांचा राग येत असेल त्यांना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज प्रत्यक्ष जंगल!! वाट दाखवायला खेकडेवाल्या मावशी. गेली पन्नासेक वर्षं त्या या चिखलातून खेकडे धरून बाजारात विकतात. त्यांनी माझ्या बुटांकडे बघून विचारलं, "हे परत हवेत का तुला?" मी म्हटलं, हो. "मग काढून हातात घे." मी ऐकलं नाही. डावा बूट आता खाडीचा आहे.

दीपस्तंभामागची झाडी सगळ्यांत दाट. जमिनीतून बोटं वर आल्यासारखी मुळं, हजारोंनी, झाडं त्यांतून श्वास घेतात म्हणे. आत शिरलं की आवाजच बदलतो. चिखल टपटप, चुटचुट बोलत असतो. मी मध्येच हसत सुटले, कशाला ते मलाही माहीत नाही. मावशी म्हणाल्या, "चिखल चढला तुला. होतं पहिल्यांदा."

मग त्यांनी समोरचा किनारा दाखवला. तिथे त्यांच्या दोघी बहिणी खेकडे धरायच्या. तिथे भराव पडला, गोदामं झाली. एक बहीण आता त्याच गोदामात झाडू मारते. "माझं एवढंच राहिलंय बघ, दिव्यामागचं," त्या म्हणाल्या. रडक्या सुरात नाही, बाजारात भाव सांगावा तशा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मॅडमनी एक फाइल पुढ्यात टाकली. दीपस्तंभामागची झाडी! गोदामवाल्या कंपनीला तिथे भराव टाकायचाय. नियम सरळ आहे. पस्तीस वर्षांपूर्वीच्या नकाशात जिथे खारफुटी दाखवलीय ती मूळ, तिला हात लावायचा नाही. नंतर कुठे उगवली असेल तर ती कापायला हरकत नाही. सुनावणी १४ मार्चला, आणि त्यात आमच्या कार्यालयाचं, म्हणजे माझं, म्हणणं निर्णायक.

निर्णायक! मी!

जुना नकाशा उघडला. काय सुबक हात आहे कुणाचा तरी! खाडीभर इवली इवली झाडं काढलीत, एकेक वेगळं. पण आग्नेय कोपऱ्यात, नेमकं दीपस्तंभाच्या मागे, एकही झाड नाही. तिथे सूची आहे. म्हणजे जागा रिकामीच असणार, भरलेल्या जागेवर सूची कोण ठेवेल? झाडी नंतर वाढली, हे उघड आहे. मावशींचं वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण नकाशा म्हणजे नकाशा. मी काही त्यात माझ्या मनानं झाडं लावू शकत नाही.

जेवताना हे सांगत होते. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. "पोट भरलं," म्हणाले. नवरा म्हणाला, नवी कवळी टोचत असणार, आणि फाइल घेऊन त्यांच्या मागे धावला. कवळी घासायची फाइल, माझी नव्हे. बाबांनी दार लावून घेतलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घरात भलतंच चाललंय! बाबांनी केस कापले. शर्टाला कडक इस्त्री. सकाळी साडेदहाला बाहेर, संध्याकाळी पाचला परत. कुठे होतात, तर "असंच, जुन्या ओळखीचं." आणि शर्टाच्या बाहीवर धूळ.

दुपारी त्यांचा मोबाइल घरीच राहिलेला. (मी अर्धी रजा घेतली होती, चिखलानं पाय खाजतात.) फोन वाजला. बाईचा आवाज, गोड, वयस्कर : "त्यांना म्हणावं, उद्या अकराला या. साहेब नसतात तेव्हा. मी कुलूप काढून ठेवते."

मी फोन ठेवला आणि सोफ्यावर उड्या मारल्या. बाबांचं जमलंय!

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याचा आधी विश्वास बसेना. मग म्हणाला, "आई जाऊन सात वर्षं झाली. आनंदच आहे." मग त्याचा चेहरा पडला. "पण हे 'साहेब नसतात तेव्हा' काय आहे?" मी म्हटलं, ती बाई कुणाकडे नोकरीला असेल. तो म्हणाला, "की साहेब म्हणजे तिचा नवरा?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग इतकं हसलो की त्याच्या हातातली कुणाची तरी वरची कवळी खाली पडली.

रात्री वाढताना मी बाबांना सहज म्हटलं, "बाबा, मनातलं काही असेल तर बोलून टाकावं माणसानं. आम्ही काही कोत्या मनाचे नाही." ते एकदम थिजलेच. "तुला कळलं?" म्हटलं, थोडंफार. त्यांचे डोळे भरले. "मला चार दिवस दे," म्हणाले. "खात्री झाली की मीच सांगतो."

किती हळवा माणूस! मी तर साडी कुठली नेसायची तेही ठरवलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पूर्ण खाडीचा हिशेब लागला. पस्तीस वर्षांपूर्वीच्या दर दहा झाडांतली चार गेली. नकाशात गेलेली जागा लाल दाखवायची असते. मी लाल भरत गेले, भरत गेले, आणि आज प्रथमच त्या फिरत्या खुर्चीवर फिरावंसं वाटलं नाही.

दीपस्तंभामागच्या झाडीला पिवळा रंग दिला. पिवळा म्हणजे "नंतरची वाढ".

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींना स्वतः जाऊन सांगितलं. कागदानं कळण्यापेक्षा तोंडानं बरं. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"नंतर उगवली? किती नंतर?"

"पस्तीस वर्षांच्या आतली."

"अगं बये! मी आता साठीला आले. माझ्या आईनं मला याच झाडीत चालायला शिकवलं. पडले तर चिखलात पडेन, लागणार नाही म्हणून. मग मी काय हवेत चालत होते?"

मग मलाच राग आला, त्यांचा नाही, माझा. हातभर जाड खोडं मी स्वतः पाहिली होती. नकाशा बघितल्यावर ती डोळ्यांआड केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

उद्या अभिलेख कक्षात जाऊन जुन्या नकाशाची मूळ फिल्म बघायची. माझ्याकडे आहे ती नुसती स्कॅन केलेली प्रत. प्रत काढताना काही सुटलं असेल तर?

२६ फेब्रुवारी, बुधवार

कुठून सुरुवात करू? अक्षर बघा कसं आलंय.

अभिलेख कक्ष तळघरात आहे. दार उघडंच होतं. आत एक शिडी, शिडीच्या खाली केसांत फूल घातलेल्या एक वयस्कर बाई शिडी धरून उभ्या, आणि शिडीवर बाबा. इस्त्रीच्या शर्टात.

मी म्हटलं, "अय्या!"

बाई म्हणाल्या, "तुम्ही सूनबाई का? फोनवर बोललो आपण." त्या तिथल्या अभिलेखपाल. बाबांच्या जुन्या सहकारी. मी दोघांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, आमची काहीच हरकत नाही. दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मला वेड लागलंय.

मग बाबा खाली उतरले. काखेत एक गुंडाळी होती. टेबलावर उलगडली. माझ्या जुन्या नकाशाची मूळ फिल्म. तेच इवलं इवलं झाड, तोच सुबक हात.

"हा मी काढलाय," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "काय?"

"अकरा दिवस नुसती झाडं काढत होतो. आग्नेय कोपऱ्यातलीसुद्धा. मग साहेब म्हणाले, सूचीला जागा कुठे ठेवलीस? मी म्हटलं, राहिलीच. ते म्हणाले, तिकडे चिकटव, कोपऱ्यात, नुसता चिखलच तर आहे. सूची वेगळ्या कागदावर छापून यायची, मागे मेण लावलेलं असायचं." त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, बरं साहेब. आणि चिकटवली. याच हातानं."

मी खुर्चीत बसले. ती फिरणारी नव्हती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस मी बाबांशी धड बोललेले नाही. का नाही सांगितलं मला? चौदा तारखेलाच का नाही? पिवळा रंग भरला मी! आज स्वयंपाकघरात तोंडावर विचारलंच. ते म्हणाले, "अगं, पण खात्री नाही मला."

"कसली?"

"काढली होती असं आठवतं. पण पस्तीस वर्षं झाली. सूचीला जागा हवी हे त्या वेळी मला आधीच कळलं असेल आणि मी कोपरा मोकळाच ठेवला असेल, तर? माणूस स्वतःला बरं वाटेल ते आठवतो." चमचा ते उगाचच धूत होते. "खाली काही नसलं, तर त्या बाईंची झाडी गेली, तुझी नोकरी गेली, आणि म्हातारा भ्रमिष्ट ठरला."

राग कुठल्या कुठे गेला माझा. मी म्हटलं, सोलून बघू या ना! तर म्हणाले, सरकारी कागद आहे, असा कोपऱ्यात बसून सोलला तर उद्या कंपनी म्हणेल, सूनसासऱ्यांनी मिळून झाडं काढली. सोलायचा तर सगळ्यांसमोर.

आणि माझ्या त्या दुसऱ्या गैरसमजाबद्दल कळल्यावर बाबा इतके हसले की कवळी काढून ठेवावी लागली. अभिलेखपाल बाईंना फोन करून सांगितलंसुद्धा. त्याही हसत होत्या, बराच वेळ. फोन जरा लांबलाच.

४ मार्च, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना लेखी द्यावं लागेल. चूक माझी, म्हणून. आणि खाली काही निघालं नाही, तर मी तुमच्या पाठीशी उभी राहू शकणार नाही." स्पष्ट बोलणारी बाई. बाबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. अक्षर छापल्यासारखं.

१४ मार्च, शुक्रवार

झाली सुनावणी!!!

सभागृहात लांब टेबल. एका बाजूला कंपनीचे वकील, चार माणसं, आठ फायली. दुसऱ्या बाजूला मॅडम, मी, बाबा, आणि खेकडेवाल्या मावशी, धुवट लुगड्यात, पाय पुसून आलेल्या. समोर सुनावणी अधिकारी.

मी पिशवीतून माझा केस वाळवायचा ड्रायर काढला. वकील उठले. "हरकत! हे काय आहे?"

बाबा म्हणाले, "मेण आहे साहेब. ऊब लागली की सुटतं. ओढलं तर फिल्म फाटते."

अधिकाऱ्यांनी वकिलांकडे बघितलं, ड्रायरकडे बघितलं, म्हणाले, "वायर पोचेल का?" पोचत नव्हती. वकिलांच्याच लॅपटॉपची जोडवायर घ्यावी लागली! ते बिचारे नाही म्हणू शकले नाहीत.

ड्रायर मी धरला. बाबांनी नखानं कोपरा उचलला. सगळे वाकले. घूंऽऽ असा आवाज, मेणाचा वास, आणि बाबांच्या कपाळावर घाम. पहिला बोटभर भाग सुटला. खाली पांढरं. नुसतं पांढरं.

मी ड्रायर आणखी जवळ नेला. बाबा थांबले नाहीत, पण त्यांचे ओठ हलत होते. आणखी बोटभर. पांढरं. वकील खुर्चीत मागे रेलले.

मग एक झाड.

खरंच सांगते, मी किंचाळले. एक, त्याच्यामागे तीन, मग रांगच रांग, काळ्याभोर शाईची, काल काढल्यासारखी. उघड्या राहिलेल्या बाकीच्या नकाशापेक्षाही ताजी. पहिला पांढरा पट्टा खाडीच्या पाण्याचा होता, पाणी! सूची पूर्ण सुटली तेव्हा कोपरा गच्च भरलेला होता. अधिकाऱ्यांनी स्वतः पेन्सिलच्या टोकानं मोजायला सुरुवात केली, एकशे चाळीसपर्यंत गेले आणि म्हणाले, "पुरे. मूळ झाडी आहे. भराव नामंजूर."

मावशींनी विचारलं, "म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही हवेत चालत नव्हता."

बाबा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेले तर ते झाडांवरून बोट फिरवत होते. "एक वाकडं आलंय," म्हणाले.

१६ मार्च, रविवार

आज बाबांना घेऊन गेलो, मी आणि नवरा. मला कळलंच नव्हतं इतके दिवस : बाबांनी खारफुटी कधी पाहिलेलीच नव्हती! विमानातून घेतलेल्या फोटोवरून सगळी झाडं उतरवली, टेबलावर बसून. खाडीकडे जायला कधी सवडच झाली नाही. घर, बस, टेबल, बस, घर.

ओहोटी होती. मावशींनी चपला काढायला लावल्या, बाबांनी मुकाट्यानं काढल्या. (माझ्यापेक्षा शहाणे.) चिखलात पहिलं पाऊल टाकलं तसा "अरे बापरे" असा आवाज काढला, आणि मग हसायलाच लागले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. नवरा ओरडतोय, बाबा, कवळी सांभाळा! मावशी म्हणाल्या, "यांनाही चढला."

कडेला भरावाचा एक पट्टा आधीच पडलेला आहे. निकालाची वाट न बघता कंपनीनं टाकलेला. दगडमातीखाली चार-पाच झाडं आडवी आहेत. ती आता येणार नाहीत. बाबा तिथे जरा वेळ उभे राहिले. ती जागा मी उद्या लाल करणार आहे.

मग आत गेलो, दाट झाडीत. बाबा एका मोठ्या झाडासमोर थांबले. या झाडांना बुंध्यापासूनच मुळं फुटतात, कमानीसारखी चारी बाजूंनी चिखलात उतरतात, सगळं झाड त्यांच्यावर उभं. बाबा वाकून बघायला लागले, इकडून, तिकडून.

"काय झालं बाबा?"

"अगं, मी सगळ्यांना एकेकच पाय काढला."

आणि असे हसले, असे हसले! डोळ्यांतून पाणी, हातांना चिखल, तोच चष्म्याला. "पस्तीस वर्षं! एकेका पायावर उभी करून ठेवली मी यांना!" मीही हसत होते, नवराही, आणि मावशींना कशाचं हसतोय ते कळलं नाही तरी त्याही.

पाणी चढायला लागलं तशा त्या ओरडल्या, "निघा रे आता, भरती लागली!"

बाबा म्हणाले, "थांबा जरा. याचे पाय मोजतोय."